नंबर लागेपर्यंत

'नंबर लागला' हे शब्द आता फार तर दवाखान्यात ऐकू येतात. आमच्या लहानपणी मात्र ती आनंदाची बातमी असायची. गॅसचा नंबर लागायचा, टेलिफोनचा लागायचा, आणि सगळ्यात थाटाचा म्हणजे स्कूटरचा. पेढे वाटले जायचे. स्कूटर घरी आल्याचे नव्हेत हं, नंबर लागल्याचे. स्कूटर यायला अजून अवकाश असायचा आणि पैसे पुरे पडणार की नाही याचा घोर तर तेव्हाच सुरू व्हायचा.

आमच्या घरात (आणि माझी खात्री आहे, तुमच्याही घरात) कुठल्याही लग्नकार्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आम्ही आधी पैसे साठवले आणि मग वस्तू घेतली. तुमच्यासारखं हप्त्यावर नाही." हे म्हणताना काकालोकांची मान जरा ताठ होते, आणि भाचेमंडळी मोबाईलमध्ये डोकं घालतात. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण एकदा वाटलं, ही साठवणूक नेमकी होती कशी? किती त्यातलं काटकसर, किती नाइलाज, आणि साठवलं ते कुणी? म्हणून थोडं वाचन केलं, आणि बाबांच्या हिशेबाच्या वह्या काढून बसलो. जे हाती लागलं ते लिहितोय. नातेवाईक मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं, मध्येच फोन करू नये :)

आधी ती रांग कशी तयार झाली ते पाहू.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली उद्योगांचा विकास आणि नियमन करणारा कायदा आला. कारखाना काढायला परवाना, वाढवायला परवाना, वर्षाला किती नग काढायचे तेही परवान्यात. देशात पोलाद कमी, परकीय चलन त्याहून कमी, तेव्हा चैनीच्या वस्तूंवर ते उधळायचं नाही, असा त्यामागचा विचार. विचार अगदीच वेडगळ नव्हता, पण स्कूटर चैनीत मोडायची हे मात्र गमतीचं. मुंबईत भांडुपला लॅम्ब्रेटा बनत होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याजवळ आकुर्डीला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून व्हेस्पा तिथे बनू लागली. १९७१ साली तो करार संपला, १९७२ साली चेतक आली. १९७५ साली तर आमच्या साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्स स्थापन झाली, बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांची मिळून. तिची 'प्रिया' पुढे देशभर धावली. स्कूटर गावात बनते म्हणून गावातल्या माणसाला लवकर मिळते असं मात्र काही नव्हतं. साताऱ्याचा माणूसही रांगेतच.

कारण विक्रीवरही नियंत्रण होतं. १९६० च्या सुमाराला स्कूटरचं वाटप आणि विक्री सरकारी हुकमाखाली आली. विक्रेत्याकडे नाव नोंदवायचं, त्याबरोबर अनामत. ही अनामत पोस्टाच्या बचत खात्यात ठेवून पासबुक विक्रेत्याकडे तारण ठेवायचं. (आमच्याकडे अडीचशे रुपये हा आकडा अजून तोंडपाठ आहे.) म्हणजे बघा, स्कूटर मिळायच्या कितीतरी आधी तुमचे पैसे पोस्टात, आणि पोस्टातून सरकारकडे. ग्राहक ताटकळलेला, पण त्याचा पैसा मात्र कामाला लागलेला! लोकप्रिय स्कूटरसाठी ही प्रतीक्षा पुढे दहा दहा वर्षांपर्यंत गेली.

रांग एवढी लांब झाली की ती स्वतःच एक धंदा झाली. नवी स्कूटर हातात पडली की दुसऱ्या दिवशी ती नव्याच्या किमतीपेक्षा जास्त भावाने विकली जाई. वापरलेली वस्तू नव्यापेक्षा महाग, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात शिकवायला बरं उदाहरण आहे. त्यामुळे ज्यांना स्कूटर चालवायची नव्हती तेही नंबर लावून बसत. काहीजण मुलाच्या नावाने नंबर लावत, तो कॉलेजात जाईपर्यंत लागेल या हिशेबाने. आणि परदेशी चलनात पैसे भरले तर रांग ओलांडता येई. आखातात मेहुणा असलेल्या माणसाला गल्लीत जो मान होता, त्यामागे हेही एक कारण होतं.

आता पैशांकडे.

"तेव्हा कर्ज नव्हतंच" असं सरसकट म्हणतात, ते खरं नाही. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ चा. पगारदारांच्या पतसंस्था आपल्याकडे भरपूर होत्या. सरकारी नोकरांना वाहनासाठी अग्रिमही मिळे. पण अग्रिमाला मूळ पगाराची अट, आणि बाबा कारकून, त्या अटीच्या खाली. पतसंस्थेचं कर्ज मिळालं होतं, पण ते आत्याच्या लग्नात गेलं आणि फिटायला पाच वर्षं लागली. (आत्या, हे तक्रार म्हणून नाही, वहीत लिहिलंय म्हणून.) बँका १९६९ साली राष्ट्रीयीकृत झाल्या खऱ्या, पण तालुक्याच्या गावातल्या कारकुनाला स्कूटरसाठी कर्ज द्यावं असं त्यांच्या मनात यायला अजून बरीच वर्षं होती. म्हणजे कर्ज होतं, ते लग्नाला, आजारपणाला, बी-बियाण्याला. वस्तूला नव्हतं.

मग उरलं साठवणं. त्याचे रस्ते ठरलेले. पोस्टाची बचत बँक १८८२ पासूनची. तिच्यात व्याज पाच टक्क्यांच्या आसपास, पण पैसे सुरक्षित आणि पोस्टमास्तर ओळखीचे. मग दरमहा भरायची आवर्ती ठेव. १९७२ साली महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आली आणि पोस्टाच्या आवर्ती ठेवीसाठी बायका एजंट म्हणून घरोघर फिरू लागल्या. त्यांना चार टक्के कमिशन. पगाराच्या पहिल्या आठवड्यात दारात उभ्या राहणाऱ्या या बाईंनी किती घरांतल्या वस्तू उभ्या केल्या असतील याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. बाबांना वर्षानुवर्षं जमलं नाही ते त्यांनी केलं, कारण पोस्टात जाणं चुकवता येतं, दारात आलेल्या बाईंना परत पाठवणं अवघड.

हीच युक्ती दक्षिणेत आधीच सापडली होती. उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने (पुढची सिंडिकेट बँक) १९२८ साली 'पिग्मी' ठेव काढली. रोज दोन आणे, आणि ते न्यायला बँकेचा माणूस दारात. आज आपल्या गावोगावच्या पतसंस्थांमध्ये पानवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे 'पिग्मी भरतात', पण हा शब्द उडुपीहून आला हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणि भिशी. बारा बायका, महिन्याला दहा-दहा रुपये, चिठ्ठी निघेल तिला एकशेवीस. व्याज नाही, कागद नाही, सही नाही. जिची चिठ्ठी पहिल्या महिन्यात निघाली तिला फुकटचं कर्ज, जिची शेवटी निघाली तिची बिनव्याजी बचत, आणि दोघीही आनंदात. आईच्या भिशीत अडचण असलेली बाई आधी मागून घ्यायची आणि बाकीच्या चिठ्ठी न टाकता तिला द्यायच्या. बँकेच्या भाषेत याला काय म्हणतात कोण जाणे. पुरुषांच्या भिशीत बोली लागायची, तो वेगळाच प्रकार. त्यात शिरलो तर लेख संपणार नाही.

तर बाबांनी १९६९ च्या नोव्हेंबरात नाव नोंदवलं. वहीत त्या तारखेला एका ओळीत 'स्कूटर नोंदणी' आणि पुढे अनामतीचा आकडा. त्यानंतर दर महिन्याला 'स्कू.' अशी एक ओळ. कधी वीस, कधी पंचवीस, दिवाळीच्या महिन्यात फुली. महागाई भत्त्याचा फरक मिळाला की एकदम शंभर. ही 'स्कू.' ची ओळ वाचत गेलं की घरातलं सगळं कळतं. आजोबांच्या आजारपणात चार महिने कोरे. माझ्या जन्माच्या वेळी दोन. (म्हणजे स्कूटर दोन महिने लांबली ती माझ्यामुळे, हे मला घरात कुणी कधी सांगितलं नाही, त्याबद्दल आभार.)

साठवणाऱ्या माणसाचा खरा शत्रू मात्र दिवाळी नव्हती, आजारपणही नव्हतं. १९७२ चा दुष्काळ, १९७३ चा तेलाचा भडका, आणि १९७४-७५ साली घाऊक किमतींचा महागाईदर पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेला. पोस्टात पाच टक्के, बाजारात पंचवीस. शंभर रुपये पासबुकात शाबूत राहून त्यातले वीसेक रुपये वर्षभरात गायब. कुणी चोरले नाहीत, कुणाविरुद्ध तक्रार करता येत नाही. स्कूटरही महागत होतीच. १९७५ च्या दिवाळीपर्यंत बाबांकडे १९६९ ची स्कूटर घेण्याइतके पैसे जमले होते. फक्त साल १९७५ होतं.

त्यात १९७४ च्या जुलैत सरकारने एक वटहुकूम काढला. महागाई आवरायची तर लोकांच्या हातात पैसा कमी जायला हवा, म्हणून पगारदारांना मिळणाऱ्या वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग आणि पगारवाढीची पूर्ण रक्कम सक्तीने ठेव म्हणून कापून ठेवायची. मागाहून त्याचा कायदाही झाला. पैसे बुडाले नाहीत, पुढे हप्त्याहप्त्याने व्याजासह परत मिळाले. पण ज्या वर्षी डाळ-तेल परवडत नव्हतं त्या वर्षी ते हातात नव्हते. वहीत त्या महिन्यापासून एक नवी ओळ सुरू होते, 'स. ठे.', म्हणजे सक्तीची ठेव. आणि तिच्या शेजारची 'स्कू.' ची ओळ वीस-पंचवीसवरून दहावर येते. हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले की काकालोकांच्या त्या वाक्यातली 'आम्ही साठवले' ही क्रिया जरा वेगळी ऐकू येते. काही आम्ही साठवले, काही आमच्याकडून साठवून घेतले गेले.

सोन्याची गोष्ट तर आणखी मजेची आहे. सोन्यात पैसा अडकवणं हे देशहिताचं नाही, असं त्या काळी सरकार कानीकपाळी ओरडत होतं. १९६२ च्या चिनी युद्धानंतर मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि हजारो सोनारांच्या पोटावर पाय आला. चौदा कॅरटची अट १९६६ साली गेली, पण नियंत्रणाचा कायदा १९६८ साली पुन्हा पक्का झाला, तो थेट १९९० पर्यंत राहिला. देशभक्त माणसाने पैसा पोस्टात ठेवायचा, सोन्यात नाही. आता आकडे पाहा. दहा ग्रॅम सोनं १९७० साली साधारण १८४ रुपये होतं, १९७५ साली ५४० आणि १९८० साली १३३० च्या आसपास. ज्यांनी सरकारचं ऐकलं ते मागे पडले, आणि ज्या 'अडाणी' बायकांनी ऐकलं नाही त्यांनी घर सावरलं. मी सोनं घ्या असं कुणाला सांगत नाही, १९८० नंतर भाव वर्षानुवर्षं रेंगाळलाही आहे. पण १९७० च्या दशकापुरतं बोलायचं तर आईच्या डब्यात जे होतं ते बाबांच्या पासबुकापेक्षा शहाणं होतं.

आता नंबर.

१९७७ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातले सरकारी आणि जिल्हा परिषद कर्मचारी, शिक्षक, सगळे संपावर गेले. मागणी केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा ही. तो संप चौपन्न दिवस चालला, १९७८ च्या फेब्रुवारीपर्यंत. चौपन्न दिवस घरात पगार नाही! वहीत जानेवारी महिन्याचं पान विलक्षण आहे. जमेच्या बाजूला काहीच नाही, आणि खर्चाच्या बाजूला दूध, रॉकेल, वाण्याची उधारी. आणि मग बारीक अक्षरात, 'स्कू. मधून'. एकदा साठ, एकदा चाळीस, एकदा पंच्याहत्तर. आठ वर्षं एका दिशेने वाहणारी ओळ त्या महिन्यात उलटी वाहते. त्या संपाबद्दल घरात मी पुष्कळ ऐकलंय. मोर्चे, घोषणा, अटकेच्या अफवा, सगळं रंगवून. ही ओळ मात्र कुणी सांगितली नव्हती.

आणि १९७८ च्या मे महिन्यात नंबर लागला. मुदतीत पैसे भरा, नाहीतर नंबर गेला. नोंदणीच्या वेळी होती त्याच्या जवळजवळ दुप्पट किंमत, वर विमा आणि कर.

घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी, की बाबांनी नऊ वर्षं पै पै साठवून स्कूटर घेतली. पेढे वाटले, स्कूटरला हार घातला, फोटो काढला. फोटोत बाबा स्कूटरवर, मी पुढे उभा, आणि आई नाही. फोटो काढणारे काका म्हणतात ती आत पेढे भरत होती.

वहीत मात्र जून महिन्याच्या पानावर रकमेची फोड आहे. पोस्टाची ठेव अमुक, अनामत अमुक, सक्तीच्या ठेवीचे परत आलेले हप्ते अमुक. आणि त्याखाली दोन ओळी: 'सौ.कडून, भिशी' आणि 'सौ.कडून, पाटल्या'. या दोन ओळींची बेरीज केली तर ती एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त भरते. बाबांनी लपवलं काहीच नाही. उलट इतक्या काटेकोरपणे लिहून ठेवलं की मला चाळीसेक वर्षांनी बेरीज करता आली. लिहायचं राहिलं ते वहीच्या बाहेर, बोलण्यात.

मी आईला विचारलं होतं एकदा, पाटल्यांचं. तिचं उत्तर, "अरे, नंबर गेला असता ना." बस्स, एवढंच. मग म्हणाली, तीन तोळ्यांच्या होत्या, लग्नातल्या, आणि सोनाराने घट जरा जास्तच धरली. घटीचा राग तिच्या आवाजात अजून ताजा होता. पाटल्या गेल्याचा नव्हता, किंवा असला तर मला ऐकू आला नाही. नंतर तिने पुन्हा भिशी लावून केल्या का, तर हो, केल्या, पण बारा वर्षांनी आणि दोन तोळ्यांच्या.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९८० च्या दशकात परवाने सैल झाले. १९८४ च्या आसपास कायनेटिक होंडा आली, एलएमएलची व्हेस्पा आली, आणि रांग वितळत गेली. १९८७ साली बजाज ऑटो फायनान्स स्थापन झाली, दुचाकी-तिचाकी घ्यायला कर्ज देण्यासाठी. जिथे एकेकाळी स्कूटरसाठी पैसे घेऊन थांबावं लागे तिथेच आता स्कूटर घेऊन पैशांसाठी थांबण्याची सोय झाली. हीच कंपनी आज बजाज फायनान्स म्हणून मिक्सरपासून मोबाईलपर्यंत सगळ्याला कर्ज देते. पेट्रोलची चेतक २००० च्या दशकाच्या मध्यात बंद झाली, आणि २०२० साली त्याच नावाची विजेवरची आली. माझ्या भाच्याने ती घेतली, हप्त्यावर. दुकानात गेला, आधार आणि पॅन दिलं, आणि तासाभरात कर्ज मंजूर. काका म्हणाले, "आमच्या वेळी...", आणि मी पहिल्यांदाच मध्ये बोललो. म्हटलं, तुमच्या वेळीही कुणीतरी उसने दिलेच होते, फक्त त्यावर व्याज लावलं नव्हतं.

काका गप्प झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमच्या हिच्या तोड्यांचं पण तसंच झालं होतं, फ्लॅटच्या वेळी." हे त्यांच्या मुलांनाही माहीत नव्हतं!

तर मंडळी, दोन गोष्टी मागायच्या आहेत. एक म्हणजे १९७६-७७ ची वही माझ्याकडे नाही. आत्या, तुमच्याकडच्या लोखंडी ट्रंकेत बघाल का? जाड पुठ्ठ्याची, लाल पाठीची आहे. आणि दुसरं, तुमच्या घरच्या वह्यांमध्ये 'सौ.कडून' अशा ओळी असतील तर साल आणि वस्तू एवढं मला कळवा, आकडा नाही सांगितला तरी चालेल. शिवणयंत्र, फ्रीज, प्लॉट, मुलाची इंजिनिअरिंगची फी, काहीही. आई सत्त्याऐंशीची आहे. तिला वाचून दाखवीन म्हणतो. घटीचा विषय मात्र तिच्यासमोर काढू नका.